वाकण्याची रीत

आमची पणजी ताईबाई नूलची. आजी यशोदाबाई हलकर्णीच्या. आई गजराबाई कडगावची. तीन गावांच्या या तीन लेकी आजऱ्याच्या देसायांकडे सुना म्हणून आल्या आणि तिघीही त्या घरात वाकल्या. पणजीला अखेरीस समोरच्याचे तोंड पाहण्यासाठी मान तिरकी करावी लागे. आजी पन्नाशीतच काठीवर आल्या. आईची पाठ चाळिशीत बाक धरू लागली होती. येणारेजाणारे म्हणत, "देसायांच्या बायकांचा विनय पाहावा! वर म्हणून बघत नाहीत." आजी हे बोलणे दागिन्यासारखे मिरवीत. घरात ती म्हणच होऊन बसली होती : देसायांच्या बायका वाकतात.

चौथी मी, सत्यभामा.

श्रावणातल्या त्या सकाळी परसातल्या शेवाळलेल्या पायरीवर माझा पाय सरकला. पडणे म्हणावे असे ते पडणे नव्हते. मी नुसता उजवा हात टेकला. टेकताक्षणी वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि मनगटाच्या वर, जिथे हात वाकत नाही अशा ठिकाणी, माझा हात वाकला. मी पंधरा वर्षांची होते.

हुक्केरी डॉक्टर घरी आले. त्यांनी हात बसवला, प्लास्टर घातले आणि न्हाणीपाशी हात धुता धुता आजींना विचारले, "मुलगी दूध पिते का?"

"आमच्याकडं तीन म्हशी आहेत," आजी म्हणाल्या.

"म्हशींचं नाही विचारलं. मुलीचं विचारलं."

सकाळचे दूध आबांचे म्हणजे माझ्या वडिलांचे, काकांचे आणि माझ्या दोघा भावांचे. साय पाहुण्यांची. बायकांच्या वाट्याला ताक येई, तेही शेवटच्या पंगतीला, पाणी घातलेले. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. मलाही वाटत नव्हते.

"उन्हात जाते का? खेळते?"

"डॉक्टर, पोर शहाणी झाली आहे. आता कसलं खेळणं?"

डॉक्टरांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "आजी, तुम्ही गिरणीवाले, म्हणून तुमच्या भाषेत सांगतो. हाडं म्हणजे कोठार. ते भरायचं वय हेच, विशीपर्यंतचं. पुढं बाळंतपणं, आजारपणं, म्हातारपण, सगळं त्यातूनच काढून निभवायचं असतं. या पोरीचं कोठार अर्धं रिकामं आहे. दूध द्या, तीळ द्या, पालेभाज्या द्या, नाचणा द्या. उन्हात फिरू द्या. आणि हात चांगला भरला की उड्या मारू द्या."

"उड्या?" डॉक्टरांनी मला तमाशाच्या तंबूत नाचायला पाठवा म्हटल्यासारखे आजींनी विचारले.

"उड्या. हाडाला जरा हादरे बसले तरच ते घट्ट होतं. नुसतं खाऊन बसून राहिलं तर अर्धंच काम होतं."

डॉक्टर गेल्यावर आजींनी काठी आपटून दोन हुकूम सोडले. सुवासिक घनसाळ तांदळाची गिरणी असलेल्या घरात लेकीला नाचणा चारला तर लोक दिवाळे निघाले म्हणतील. तेव्हा नाचणा गड्यांपुरताच राहील. आणि हात मोडल्याची वार्ता उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. माझी सोयरीक उत्तूरच्या सरदेसायांकडे ठरली होती. "मोडक्या हाताची पोर कोण नेईल? प्लास्टर निघेपर्यंत हिनं माजघराबाहेर दिसायचं नाही. कुणी विचारलंच, तर पोरीला बरं नाही. बस्स."

आमच्या घरी आजींच्या 'बस्स'पुढे आबासुद्धा बोलत नसत.

दाराआडून हे सारे एक माणूस ऐकत होते. कावेरीकाकी, माझ्या धाकट्या काकांची बायको. आंबोलीच्या घाटाखालची, सावंतवाडीकडची. माझ्याहून जेमतेम सात वर्षांनी मोठी, काळीसावळी, ताठ, आणि प्रत्येक वाक्यात कोकणातला 'गो'. तिला सातवा महिना लागला होता. पहिलटकरीण म्हणून ती माहेरी जायची होती. पण त्या पावसात घाटात दरड कोसळली, रस्ता बंद झाला आणि काकी आमच्याकडेच अडकली. तिलाही माजघर, मलाही माजघर.

"काय गो भामा," पहिल्याच दुपारी ती म्हणाली, "आपण दोघी कैदी. तुझा हात बांधलेला, माझं पोट."

पोटुशी म्हणून तिला मात्र रोज तांब्याभर दूध मिळे, कारण वारस यायचा होता. तिने तांब्या माझ्यापुढे सरकवला.

"नको काकी. ते बाळाचं आहे."

"अर्धं त्याचं, अर्धं तुझं. बाळ कोण ते अजून ठरायचंय. तू ठरलेली आहेस. पी."

मी प्यायले. दुसऱ्या दिवशी दुधाबरोबर नाचणीची आंबील आली. गड्यांच्या नाचण्यातून काकीने ती कशी मिळवली, ते तिने कधी सांगितले नाही. ताक, लसूण आणि मिठाची ती करडी आंबील पाहून मी नाक मुरडले, तेव्हा काकी म्हणाली, "आमच्याकडं बायका यावर डोंगर चढतात. तू नाक मुरड, पण तोंड उघड."

गणपतीनंतर प्लास्टर निघाले. हात काडीसारखा झाला होता. डॉक्टरांनी तो चाचपला, हलवून पाहिला आणि काही दिवस सांभाळून वापर, मग भीती नको, असे सांगितले. तेवढे दिवस सरताच काकीने आपल्या पेटीतून माहेरच्या काथ्याची एक दोरी काढली.

गिरणीच्या मागे भात वाळवायचे खळे होते. तिथे दुपारचे ऊन पडे आणि माणूस नसे. काकी भिंतीला टेकून सावलीत बसायची आणि मी उन्हात दोरीवरच्या उड्या मारायची. गिरणीचे इंजिन सुरू असेपर्यंतच, कारण त्या धडधडीत माझ्या पायांचा आवाज बुडून जाई. इंजिन थांबले की आम्ही दोघी भात राखायला बसलेल्या शहाण्या बायका होत असू.

"दम लागला, काकी."

"लागू दे. गिरणी अजून बंद नाही."

"आजींना कळलं तर?"

"तर माझं नाव सांग. पोटुशीला कोण मारतं?"

दसऱ्याला घाटाचा रस्ता खुला झाला आणि काकीच्या आईने माणूस धाडला. ती माउली विधवा होती. चार घरची शिवणकामे करून राहत होती. नववा लागलेल्या लेकीला घाटातून नेणे आता शक्य नव्हते. लेकीचे बाळंतपण करणे तिच्या नशिबी नव्हते, म्हणून तिने फिरकीच्या झाकणाचा पितळी डबा भरून लाडू पाठवले होते. डिंक, अळीव, खारीक, खसखस, सुके खोबरे. बाळंतिणीचे लाडू. दिवाळीच्या तोंडावर काकी बाळंत झाली. मुलगी. आजींनी विचारले, "काय झालं?" आणि उत्तर ऐकून त्या देवघरात निघून गेल्या. दुधाचा तांब्या दुसऱ्या दिवसापासून निम्मा झाला.

काकीने त्या संध्याकाळी डब्याची फिरकी काढली आणि एक लाडू माझ्या हातावर ठेवला.

"मी बाळंतीण आहे का?" मी दचकले. ते लाडू कुमारिकेने खायचे नसतात; उष्ण पडतात, अपशकुनी असतात, असे आम्ही ऐकत आलो होतो.

"बाळंतपणानंतर झीज भरायला देतात ते. झीज होण्याआधीच भरलं तर काय वाईट? खा. पण फुकट नाही हां गो. उसने दिलेत. फेडायचे."

"कधी?"

"मी मागीन तेव्हा."

रोज संध्याकाळी मी बाळंतिणीच्या खोलीत, शेगडीच्या उबेला, पाळण्याची दोरी एका हाताने ओढत लाडू खाऊ लागले. अशाच एका संध्याकाळी शेजारची बनाक्का विरजण मागायला आली आणि नको तिथे डोकावली. तिने मला पाहिले, लाडू पाहिला, पाळणा पाहिला. "काय गं भामा, बरं नव्हतं म्हणे तुला?" एवढेच ती बोलली आणि विरजण न घेताच गेली.

बारशाच्या दिवशी सकाळी आई पाण्याचा हंडा खाली ठेवून मटकन बसली. विहिरीवर तिच्या कानावर आले होते. श्रावणापासून दिसेनाशी झालेली पोर. माहेरी न गेलेली काकी. 'तिच्या पोटाला काय, उशी बांधली तरी दिसतं.' आणि शेवटी, बाळंतिणीचे लाडू काकी नव्हे, भामा खाते. गावाने आपल्यापुरता हिशेब जुळवला होता. पाळण्यातले मूल माझे होते.

"उत्तूरच्या बाईसाहेबांच्याही कानावर गेलंय," आई रडत म्हणाली. "त्या बारशाला येणार आहेत त्या बघायलाच."

आजी काठी टेकत बाळंतिणीच्या खोलीत शिरल्या. मी कोपऱ्यात उभी होते.

"कावेरी, तुझ्या लाडवांनी या घराचं नाक कापलं."

काकी पाळण्यापाशी बसली होती. उठली नाही. "आत्याबाई, लाडू उशिरा आले. हात मोडला म्हणून हिला कोंडलं, तेव्हाच लोकांना कोडं घातलं आपण. खरं सांगितलं असतं तर हात मोडला एवढंच झालं असतं."

"उलट बोलतेस? रक्ताचा दोष आहे हा. देसायांच्या बायकांची हाडंच अशी. वाकायचं ते वाकायचंच. तू कोण ते बदलणार?"

"कुणाच्या रक्ताचा?" काकीने विचारले. आवाज चढवला नव्हता. "थोरल्या आजी नूलच्या. तुम्ही हलकर्णीच्या. वैनी कडगावच्या. तिघींचं रक्त तीन गावांचं, आत्याबाई. देसायांचं त्यात काय? तिघींची एक गोष्ट तेवढी सारखी."

"काय?"

"चूल."

आजी उभ्या होत्या, म्हणजे वाकून उभ्या होत्या. त्यांचा मोकळा हात हळूहळू मागे गेला आणि स्वतःच्या पाठीच्या कण्यावर, कुबड आले होते तिथे, थांबला. मी त्यांना तिथे हात लावताना त्याआधी कधी पाहिले नव्हते.

"हलकर्णीत," त्या कोणाकडेच न पाहता म्हणाल्या, "मी झाडावर चढत असे."

मग काठी आपटली. आवाज नेहमीचा झाला. "गजरा, अंगण झाडून घे. सगळ्या घरी निरोप धाड, येताना पोरी घेऊन या म्हणावं. एकही पोर घरी राहता कामा नये. आणि भामा, नऊवारी नेस. काचा मारून."

बारसे लागले. बाळाचे नाव प्रमिला ठेवले. बायका ओसरीवर दाटीने बसल्या होत्या. घुगऱ्यांची ताटे फिरत होती आणि जिभा त्याहून जोरात. उत्तूरच्या बाईसाहेब मधोमध, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून बसल्या होत्या. त्यांनी घुगऱ्यांना हात लावला नव्हता. न खाता उठल्या तर सोयरीक मोडली, आणि ती मोडली तर माझ्यासह भावकीतल्या माझ्या धाकट्या बहिणींचीही दारे बंद झाली, हे प्रत्येकीला ठाऊक होते.

"भामा," आजी अंगणाच्या कडेवरून म्हणाल्या, "फुगडी घाल."

देसायांची शहाणी झालेली लेक भर अंगणात, उन्हात, फुगडी घालणार होती.

"बनाक्का, तुझी शेवंता धाड तिच्यासमोर. दमाची आहे म्हणतेस ना?"

शेवंता उतरली. आडवे हात धरायचे, पाय जुळवायचे आणि सारे वजन मागे झोकून द्यायचे. ते सारे वजन मनगटावर येते. तिने माझे मनगट पकडले, नेमके तेच. मी दारात उभ्या काकीकडे पाहिले. बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नसतो. ती आत उभी राहून फक्त ओठ हलवीत होती. मला ऐकू आले नाही, पण कळले. गिरणी अजून बंद नाही.

आम्ही फिरू लागलो. अंगण फिरले, ओसरी फिरली, बाईसाहेबांचा पदर फिरला. मनगटात कळ आली आणि थांबली. पुढे गेली नाही. शेवंताचे हात घामाने सुटले आणि ती दाणकन बसली. दुसरी पोर आली, तिसरी आली. मग मी बसफुगडी घातली, उकिडवे बसून, एकेका उडीला टाळी देत, सारे अंगण ओलांडून आजींच्या पायांपर्यंत. उठले तेव्हा धाप लागली होती, पण पाय घट्ट रोवलेले होते.

"बनाक्का," आजी मोठ्याने म्हणाल्या, "तू सहा वेळा बाळंत झालीस. बाराव्या दिवशी बसफुगडी घातली होतीस?"

कोणीतरी फिसकन हसले. बनाक्का म्हणाली, "बाराव्या दिवशी मला कूस बदलता येत नव्हती, आजी."

"मग ऐका, श्रावणात माझ्या नातीचा हात मोडला होता. तो मी लपवला. आता सगळ्यांना सांगते. आणखी काही विचारायचं असेल तर मला विचारा, विहिरीला नको."

तेव्हा दारातून काकीचा आवाज आला. "भामा, डबा ने गो बाहेर. जेवढ्या पोरी तेवढ्यांना एकेक. लहानमोठी बघू नकोस."

मी डबा उघडून फिरले. पोरी आधी आयांकडे पाहत. मग आजी म्हणत, "खा," आणि त्या खात. पाहता पाहता सारे अंगण बाळंतिणीचे लाडू खाऊ लागले. "आता मोजा," काकी हसत ओरडली, "आजऱ्यात बाळंतिणी किती!"

हसण्याचा जो गलका उठला, त्यात उत्तूरच्या बाईसाहेबांनी पदर मागे सारला. त्यांनी माझ्या डब्यात हात घातला, तळाचा एक लाडू उचलला आणि आपल्या शेजारी बसलेल्या लेकीला दिला. मग आजींना म्हणाल्या, "पोर घोड्यासारखी उड्या मारते तुमची."

"मारते."

"चालेल. आमच्याकडं जिने फार आहेत."

आणि त्यांनी घुगऱ्यांचे ताट ओढून घेतले.

संध्याकाळी मी रिकामा डबा घेऊन काकीसमोर उभी राहिले. तळाला थोडा चुरा उरला होता. बाळ रडत होते, काकीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती, आणि तिच्या आईने एकेक जिन्नस कसा जोडला असेल, हे मला त्या क्षणी उमगले.

"काकी, तुला काहीच उरलं नाही."

"माहेरचा डबा रिकामा परत धाडायची रीत नाही," ती म्हणाली. "म्हणून तो तुझ्याकडं ठेव. भरून दे मला. मी मागीन तेव्हा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनी म्हशींच्या धारा स्वतः समोर बसून काढवल्या. पहिला तांब्या बाळंतिणीचा, दुसरा माझा. भावांनी कुरकुर केली, तेव्हा आजी म्हणाल्या, "तुम्हाला ताक आहे. बस्स."

डबा माझ्याबरोबर उत्तूरला आला. मी सासर केले, घर चालवले, मुली वाढवल्या, नाती वाढवल्या. माझ्या घरात पहिले दूध मुलींना, आणि अंगणात दोरी कायम टांगलेली. कोणी नावे ठेवली तर मी ऐकून घेत नाही. मधल्या काळात काकीला कितीदा म्हटले, डबा भरून आणू का? ती दर वेळी म्हणे, "मागितला का मी?"

चार वर्षांमागे कोल्हापूरहून तिचा फोन आला. ती नव्वदीच्या घरात, प्रमिलेकडे राहत होती. आवाज तोच, 'गो' तोच.

"भामा, माझे लाडू."

प्रमिलेची नात ईश्वरी चौदा वर्षांची. दिवसभर क्लास, संध्याकाळी खोलीत मोबाइल, दूध नको, पोळी नको, जाड होईन म्हणून तूप नको. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय मुरगळला आणि घोट्याजवळचे हाड मोडले. प्लास्टर काढल्यावरही पोर भिंत धरून चालत होती.

मी डबा काठोकाठ भरला आणि गेले. तिथेच राहिले. ईश्वरीला लाडवाचा वास आवडला नाही. मी म्हटले, नाक मुरड, पण तोंड उघड. सकाळी उन्हात गच्चीवर नेले. डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा दोरी काढली. "आजी, मला लाज वाटते, समोरच्या गच्चीवरून बघतात," ती म्हणाली. "बघू देत," मी म्हटले, "त्यांनाही शिकू दे." पहिल्यांदा ती कशीबशी उडाली. उन्हाळा येईतो ती मैत्रिणी गोळा करून गच्ची दणाणून सोडू लागली. डबा दोनदा भरावा लागला.

परतण्याच्या दिवशी काकीला खुर्चीत बसवून आम्ही गच्चीवर आणले. ईश्वरी दोरीवर होती. काकी डोळे बारीक करून पाहत राहिली. मग तिने पितळी डबा मांडीवर घेतला, फिरकी काढली, आत पाहिले. तो भरलेला होता. तिने झाकण परत लावले आणि त्यावर तळवा ठेवला.

"फिटलं गो, भामा. सगळं फिटलं."

पणजी-आजी-आईच्या ओळीतली मी एकटी न वाकलेली बाई. सुनांपुढे, सोयऱ्यांपुढे, कुणापुढे माझी मान खाली गेलेली कोणी पाहिली नाही. त्या सकाळी मी पदर सारखा केला आणि वाकले. कंबरेतून पूर्ण, काकीच्या पायांवर कपाळ टेकेपर्यंत.

मग कोणाचाही हात न धरता मी पुन्हा सरळ उभी राहिले.